राष्ट्रपती घरी नाहीत

घरात पिशव्या साठतात ना, एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी, तसे किस्से साठतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात! आमच्या म्युझियममधल्या वस्तू वर्षानुवर्षं तेवढ्याच आहेत. किस्से मात्र रोज वाढून राहिले.

आमचं म्युझियम म्हणजे रायपूरची जुनी कोठी. एका छोट्या संस्थानिकानं बांधलेली. संस्थान गेलं, कोठी सरकारी झाली, आणि दिल्लीहून राष्ट्रपती दौऱ्यावर आले की इथेच उतरायचे. म्हणून बूढापाऱ्यापासून गोल बाजारापर्यंत सगळे तिला ‘राष्ट्रपती कोठी’च म्हणतात. नवं राज्य झालं आणि मग तिचं म्युझियम झालं. मी तिथे गाइड. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, पण माझा जन्म ब्राह्मणपाऱ्यातला. घरी मराठी, गल्लीत हिंदी, बाजारात छत्तीसगढी. गाइडला आणखी काय लागतं!

आमच्या इन्चार्ज केतकर मॅडम. पुण्याच्या. आणि दारावर ध्रुव भैया, धमतरीकडचा गडी, मिशा राजाच्या तसबिरीतल्यासारख्या. पुष्कळ लोक आधी त्यालाच नमस्कार करतात!

* * *

केतकर मॅडम नवीन आल्या तेव्हाची गोष्ट. एकट्या राहायच्या, पण स्वभाव माणसं धरून राहायचा. सकाळी थर्मास उघडला की ध्रुव भैयाला विचारायच्या, “ध्रुव, चहा झाला का?”

तो म्हणायचा, “हव.”

छत्तीसगढीत ‘हव’ म्हणजे ‘हो’. पण पुण्याच्या कानाला ऐकू आलं ‘हवं’! मॅडम लगेच कप भरून द्यायच्या. दुपारी पुन्हा, “ध्रुव, चहा झाला?” “हव.” पुन्हा कप! मॅडम मला म्हणाल्या, “वंदनाताई, इकडच्या लोकांना चहा फारच लागतो हो!”

एक दिवस त्यांनी विचारलं, “ध्रुव, जेवण झालं का?” तो नुकताच डबा धुवून आलेला. म्हणाला, “हव.” आणि मॅडमनी आपल्या डब्यातल्या दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी त्याच्या पुढे ठेवली. भैयानं मुकाट्यानं खाल्ली, ढेकर दाबत.

मी त्याला बाजूला घेतलं. “अरे भैया, बताते काहे नहीं?”

तर म्हणतो, “मैडम अतका मया ले देथे दीदी, कइसे मना करंव!” इतक्या मायेनं देते, नाही कसं म्हणू!

शेवटी मीच मॅडमना ‘हव’चा अर्थ सांगितला. त्या लाजून लाल झाल्या. दुसऱ्या दिवशी थर्मास उघडला, जरा घुटमळल्या, आणि विचारलं, “ध्रुव... चहा झाला का?”

भैयानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “नइ होए हे, मैडम!” नाही झाला!

* * *

राष्ट्रपती ज्या पलंगावर झोपायचे तो पलंग आम्ही तसाच ठेवलाय. शिसवी लाकूड, कोरीव पाय, चहूकडून दोरी. लोक येतात, “बाप रे, किती मोठा!” म्हणतात आणि पुढे जातात.

एकदा खेड्यावरची एक आजी आली. पलंगाकडे पाहत उभीच राहिली. घरचे पुढे गेले, तरी ही हलेना. मी विचारलं, “क्या हुआ दाई?”

“मच्छरदानी कहाँ हे?”

मी म्हटलं, मच्छरदानी नाही ठेवली. तर तिचा जीव कळवळला. शेजारी बूढा तालाब, म्हणजे मच्छरं किती असतील ते तिला बरोबर माहीत!

“बिचारा रात भर कइसे सुतिस होही!” म्हणजे, बिचारा रात्रभर झोपला तरी कसा असेल! आणि जाता जाता माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, “पहुना रिहिस ना वो?” पाहुणा होता ना गं तो?

घरी गेल्यावर मी आधी आमच्या पाहुण्यांच्या खोलीतली मच्छरदानी तपासली!

* * *

आमच्याकडे एक जोडपं यायचं. नवीनच लग्न झालेलं, निलेश आणि पल्लवी. दर रविवारी सरळ शस्त्रांच्या दालनात. तलवारींच्या कपाटासमोर तासन् तास उभे.

मॅडम भारावून गेल्या. “वंदनाताई, तरुण पिढीला इतिहासाची एवढी ओढ! डोळे भरून येतात हो!”

मला माहीत होतं. निलेशचं घर आमच्याच गल्लीत. दोन खोल्या, त्यात आईवडील, आजी, भाऊ, भावजय, आणि भावजयीचं तान्हं. बोलायचं कुठे? शस्त्रांचं दालन सगळ्यात आत, गार आणि शांत. पण मी कशाला बोलू!

म्युझियमचा वाढदिवस आला. मॅडमनी दोघांना स्टेजवर बोलावलं, शाल दिली, आणि माइक निलेशच्या हातात दिला. “सांगा, तुम्हाला सगळ्यात आवडलेली तलवार कोणती?”

निलेशनं पल्लवीकडे पाहिलं. पल्लवीनं छताकडे पाहिलं. शेवटी पोट्टा खरं तेच बोलला, “मॅडम... आमचं अजून तिकडे लक्षच गेलं नाही!”

सगळे हसले. मॅडमना कळायला थोडा वेळ लागला. पण त्या रविवारपासून शस्त्रांच्या दालनात एक बाक आला. दोघांना पुरेल एवढाच!

* * *

राज्य नवं, राजधानी नवी. ऑफिसं आज या इमारतीत तर उद्या त्या इमारतीत. खेड्यावरून आलेल्या माणसाला कोणाकडे जायचं ते कळत नसे. अशाच दिवसांत एक म्हातारेबुवा आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं, हातात काठी. ध्रुव भैयाला म्हणाले, “राष्ट्रपति ले मिलना हे.”

रिक्षावाल्याला त्यांनी ‘सगळ्यात मोठ्या साहेबाकडे ने’ म्हटलं होतं. त्यानं आणलं राष्ट्रपती कोठीवर!

भैयानं समजावलं, राष्ट्रपती इथे नसतात. म्हातारेबुवा म्हणाले, “आही ना? मैं बइठे हंव.” येतील ना? बसतो मी. आणि बसले पायरीवर.

एक वाजला, दोन वाजले. मॅडम बाहेर आल्या आणि सरळ त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. मी मध्ये दुभाषी. कळलं असं, की त्यांच्या पाऱ्यातला, म्हणजे वस्तीतला, हातपंप बंद पडलेला. सुना तलावातून पाणी आणतात, आणि एक सून पोटुशी आहे. तीच परवा घसरून पडली. थोडक्यात वाचली.

“मी असेपर्यंत दुसऱ्यांदा नाही पडायची ती,” म्हातारेबुवा म्हणाले. एवढंच. रडले नाहीत, हात जोडले नाहीत.

मॅडम उठल्या. “चला, राष्ट्रपती घरी नाहीत, आपण दुसरीकडे विचारू.” आपल्या गाडीत त्यांना बसवून या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरल्या, आणि ज्यांचं काम होतं ते साहेब सापडल्यावरच परत आल्या. येताना ओठ कोरडे पडलेले, पण चेहरा काय खुलला होता!

पावसाळा सरल्यावर म्हातारेबुवा पुन्हा हजर. पंप सुरू झाला होता, सुनेला मुलगी झाली होती. खांद्यावर पोतंभर पेरू. म्हणाले, राष्ट्रपतींना द्या.

मॅडम म्हणाल्या, “बाबा, ते आजही घरी नाहीत.”

म्हातारेबुवांनी मान हलवली. “कभू घर मा नइ राहय!” कधीच घरी नसतो हा! मग पोतं मॅडमच्या पायाशी ठेवून म्हणाले, “त तैंच खा ले बेटी.” तर मग तूच खा, पोरी!

* * *

नागपूरहून एक आजोबा आले होते, रायपूरच्या लेकीकडे. सोबत ती लेक आणि नात, सहा-सात वर्षांची. मी मराठीतून सांगायला लागले तशी नात आईला म्हणाली, “मम्मी, ये दीदी तो नानाजी वाली भाषा में बोल रही है!”

आजोबांचा चेहरा पडला. मला म्हणाले, “पाहा बाई. मी मराठीत विचारतो, पोट्टी हिंदीत उत्तर देते. समजते सगळं, पण बोलत नाही. माह्याशी एक वाक्य नाही बोलली अजून.”

लेक ओशाळली. “बाबा, शाळेत सगळं हिंदीच असते ना!”

“तुले कुठं काय म्हणून राहिलो मी?” आजोबा म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

फिरता फिरता आजोबा दमले. गुडघे धरून उभे. बसायला आसपास काहीच नाही. समोर फक्त राजाचं सिंहासन, दोरीच्या आत. नातीनं आजोबांकडे पाहिलं, सिंहासनाकडे पाहिलं, आणि दोरी वर उचलून म्हणाली,

“नानाजी, इथे बस ना! राजा मेला आहे!”

सगळं दालन हसलं. आजोबा मात्र नाही हसले. डोळे पुसत लेकीला म्हणाले, “ऐकलं का? मराठीत बोलली पोट्टी!” आणि नातीला म्हणाले, “पुन्हा म्हण बेटा. काय झालं राजाचं?”

* * *

आणि हा किस्सा तिजारे काका-काकूंचा.

त्या दिवसांत दरबार हॉलची दुरुस्ती सुरू होती. झुंबर उतरवलेलं, गालिचा गुंडाळून नेलेला, सोफे, आरसे, तसबिरी, सगळं मागच्या गोदामात. भिंती खरवडलेल्या. त्या दिवशी कामगारही सुट्टीवर.

काकूंनी काकांचा हात धरलेला. काकांना दिसत नव्हतं. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी केली, रोज स्कूटरवरून कोठीच्या फाटकासमोरून जाणंयेणं. संध्याकाळी दरबार हॉलमधले दिवे लागलेले असले की रस्त्यावरून ते झुंबर दिसायचं म्हणे. तेव्हा आत कोण सोडणार! म्युझियम झाल्यावर म्हणायचे, रिटायर झालो की आतून पाहू. रिटायर झाले, आणि शुगरनं डोळे नेले.

इतर खोल्या मी दाखवल्या. काका दारांवरून, खांबांवरून हात फिरवत चालले होते. मग म्हणाले, “आता झुंबर!”

मी काकूंना हळूच बाजूला घेतलं. म्हटलं, “काकू, हॉल रिकामा आहे हो. पुढच्या महिन्यात या ना.”

काकू तितक्याच हळू म्हणाल्या, “उद्या आम्ही मुलाकडे चाललो, हैदराबादले. कायमचे. घर विकलं.” आणि माझा हात घट्ट दाबला.

मी दार उघडलं. आत नुसती फरशी आणि धूळ. काकू उंबऱ्यावर जराशा थांबल्या. मग वर छताकडे पाहत म्हणाल्या, “अगं बाई! केवढं हो झुंबर!”

“दिवे लागलेत?”

“सगळे! लोलक असे चमकून राहिले की पाहवत नाही. आणि भिंतीवर मोर काढलाय, पिसारा पार खिडकीपर्यंत. आणि खाली गालिचा, लाल, काठाला सोनेरी वेल.”

काकांनी पाय उचलला होता, तो तसाच मागे घेतला. “गालिच्यावर चालू देतात का?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “नाही काका. कडेकडेनं चालायचं.”

मग आम्ही तिघं भिंतीला धरून त्या रिकाम्या हॉलला पूर्ण वळसा घातला. काकू सांगत होत्या, आरसे कुठे, सोफे कुठे, राणीची तसबीर कशी. काका विचारत होते, राणीच्या नाकात नथ आहे का? काकू म्हणाल्या, आहे, आणि मोती तुमच्या आईच्या नथीसारखे! दाराशी ध्रुव भैया उभा होता. आम्ही जवळ आलो तसा तोही गालिच्यावरून बाजूला सरकला.

बाहेर आल्यावर काकू नळावर पाणी प्यायला गेल्या. काका व्हरांड्यात खांबाला टेकून उभे होते. मी जवळच आहे हे त्यांना कळलं असावं. म्हणाले, “बाई, हॉल रिकामा होता ना?”

मी नळाकडे पाहिलं. काकू अजून पाणी पीत होत्या.

“आवाज घुमत होता,” काका म्हणाले. “सामान असलं की असा घुमत नाही. तिले नका सांगू.”

“नाही सांगत, काका.”

ते हसले. “गालिचा मात्र मी जपला. कुठं पाय नाही पडू दिला.”

तेवढ्यात काकू पदरानं तोंड पुसत आल्या. “काय बोलून राहिले?”

“काही नाही,” काका म्हणाले आणि हात पुढे केला. “मोर कोणत्या भिंतीवर होता, ते विचारत होतो.”