चंद्रावरचा दगड वाचणारे पुंजारामभाऊ

विहिरी खोदण्यात आयुष्य गेलेल्या पुंजारामभाऊंना अक्षरओळख नव्हती, पण दगड ते माझ्यापेक्षा चांगला वाचत. हे मी सुखासुखी कबूल केलं असं समजू नका. वडीगोद्रीच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते, आणि आम्हा शिकवणाऱ्यांना दुसऱ्याचं शहाणपण पचायला जरा जडच जातं.

१९८५ साली शाळेच्या आवारातली विहीर खोदायचं काम त्यांच्याकडे होतं. दुपारच्या सुट्टीत ते पाणी प्यायला आले, तेव्हा माझ्या टेबलावर एक पुस्तक उघडं होतं. चंद्रावर उतरलेल्या माणसांनी आणलेल्या दगडाचा पानभर फोटो. काळा दगड, बुडबुड्यांची भोकं पडलेला. भाऊंनी पुस्तक उजेडात धरलं.

"हा कुठला, बाई?"

"चंद्रावरचा."

ते हसले नाहीत. बाहेर जाऊन आमच्याच विहिरीतला एक दगड घेऊन आले. त्यालाही तशीच भोकं होती, पण पांढऱ्या खड्यांनी भरलेली.

"आपल्या धोंड्यात पाणी खेळलंय, म्हणून पांढरं भरलं. ह्याची भोकं रिकामी हायेत. तिथं पाणी न्हाई."

मोठमोठ्या प्रयोगशाळांनी काढलेला निष्कर्ष या माणसाने हातात तांब्या घेऊन काढला होता. मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. मग ते रोज चंद्राचं विचारू लागले. सहा वेळा माणसं उतरली, पुढच्या तीन मोहिमाही ठरल्या होत्या, पण पैसा कापला गेला आणि त्या रद्द झाल्या, हे ऐकून ते बेचैन झाले.

"खर्च बंद करणारा कधी विहिरीत खाली उतरलेला नसतो," म्हणाले.

१९९७ साली आमदार निधीतून गावात एकच काम होणार होतं. मला विज्ञानाची खोली हवी होती. सरपंच काकासाहेबांना वेशीवर कमान हवी होती, कारण कमानीवर नाव टाकता येतं. ग्रामसभेत मी मोठ्या तोऱ्यात चंद्राचा विषय काढला आणि फसले.

"माणसं चंद्रावर गेली अन् काय आणलं? धोंडे," काकासाहेब म्हणाले. "आपल्याकडं कमी हायेत का? त्यांच्या पुढाऱ्यांनी बी शेवटी पैसा तोडलाच."

सभा हसली. तेव्हा भाऊ उठले. "त्या धोंड्यावरूनच कळलं, तिथं पाणी न्हाई."

"बराबर. मंग माझ्या विहिरीतल्या धोंड्यावरून तुला का न्हाई कळलं?"

काकासाहेबांची विहीर आठ वर्षांपूर्वी भाऊंनीच खोदली होती. काकासाहेबांनी पस्तीस फुटांवर काम थांबवलं होतं आणि विहीर कोरडी राहिली होती. आणखी पाच फूट खोदू दिलं असतं तर पाणी लागलं असतं, असं भाऊ आठ वर्षं सांगत आले होते. लोकांनी ते मानलं होतं, म्हणूनच आसपासच्या गावांतली कामं त्यांना मिळत होती.

भाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"कळलं व्हतं," ते म्हणाले. "पंचवीस फुटावर काळा पाषाण लागला. चीर न्हाई, पाझर न्हाई. तवाच कळलं. मजुरी जाईल म्हणून गप राह्यलो, अन् मागून सगळं तुमच्यावर ढकललं. धोंडा खोटं बोलला न्हाई, मी बोललो. गावात एका पोरीला जरी धोंडा वाचता आला असता, तर माझी लबाडी तिथंच पकडली असती. बाईंना खोली द्या."

मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्यांच्यासाठी भीतीही वाटली. खोलीसाठी इतके हात वर झाले की मोजायची गरज पडली नाही.

खोली झाली. भाऊंची ठरलेली दोन कामं मात्र दुसऱ्यांकडे गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांना कुणी बोलावलंच नाही. ते खोलीत येऊन मुलींना दगड दाखवत बसायचे. मे महिन्यात एकदा काकासाहेब तिथे आले. त्यांच्या नव्या विहिरीचं काम दुसऱ्याच माणसाकडे होतं. त्यांनी उपरण्यात बांधून आणलेला दगड टेबलावर ठेवला.

"वीस फुटावरचा हाय. तो खोदणारा म्हणतो, अजून खाली जाऊ. तू हो म्हण, पुढचं काम तुझ्याकडं देतो."

भाऊंनी दगड फिरवून फिरवून पाहिला.

"थांबवा," म्हणाले. "इथं मला बी काम देऊ नका."

काकासाहेबांनी उपरणं खांद्यावर टाकलं.

"चल मंग," ते म्हणाले. "कुठं खोदायचं, ते तूच दाखव."