मामाच्या गिलाव्यावरचे ओघळ

आमचा मामा गवंडी. गावाभोवती सगळं कोरडं माळरान, वारा सुटला की घरोघरी धूळ, त्यामुळे भिंतींतली भोकं बुजवायचं काम त्याला बारमाही. गिलाव्याचा त्याला भारी तोरा. ओल्या भिंतीला कुणी बोट लावलं की त्याचं डोकं फिरायचं. स्वतःचं काम स्वतः फोडायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, आणि हे तो न विचारता सगळ्यांना सांगायचा.

त्याची एक रीत होती. भोक बुजवायचं ते भर दुपारी. तेव्हा पाखरं दाणापाण्याला गेलेली असतात, कुणी आत कोंडलं जात नाही. मन तसं मऊच त्याचं.

घरासमोरच्या धान्याच्या गोदामाच्या छपराखालचं भोक त्याने असंच भर दुपारी बुजवलं. पोत्यांवर धूळ पडते म्हणून शेठजी मागे लागले होते. संध्याकाळी मामा अंगणात चहा पीत आपल्याच कामाकडे कौतुकाने बघत बसला होता.

मामी म्हणाली, "आज रात्रपाळीवाली निघाली नाही अजून."

हे मामीने एका घुबडाला ठेवलेलं नाव. दिवेलागणीला ते कामावर निघाल्यासारखं माळाकडे जायचं. मामा त्या वेळी थाप्या धूत असायचा, त्याने मान वर करून कधी पाहिलंच नव्हतं.

"कुठून निघते ती?"

मामीने हनुवटीने त्याचा ताजा गिलावा दाखवला.

सगळं जग दुपारी बाहेर जातं, असं धरून चालला होता बिचारा मामा. कप तसाच टाकून त्याने शिडी लावली आणि छिन्नी चालवली. मामीने खालून शिडी धरली. विटा निघाल्या, आतून फिस्कारल्याचा आवाज आला आणि घुबड मामाच्या डोक्यावरून आवाज न करता निघून गेलं. मामा शिडीवरच हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी शेठजींना त्याने खरं ते सांगितलं. भोक तसंच ठेवलं, पण कडा घोटून गुळगुळीत केल्या आणि वर पत्र्याची छपरी बसवली, म्हणजे धूळ अडेल.

आता त्या भोकाखाली गिलाव्यावर शिटेचे पांढरे ओघळ आलेत. बोटाचा डागसुद्धा न खपवणारा मामा ते धूत नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, "रात्रपाळीची हजेरी आहे ती, राहू दे."