बायजानं सिमेंट सोललं

वर्ध्याच्या जुन्या वस्तीत सात घरांची एक गल्ली होती. सातही मातीची, एकमेकांना खेटून, दोन घरांत मिळून एकच भिंत. या भिंतींची मालकीण कोण म्हणाल, तर बायजा! कागदावर नव्हे हो, हातानं. हिंगणीहून लग्न होऊन आली तेव्हापासून दर दिवाळीआधी सातही घरं तीच लिंपायची. माती, कुटाराचा भुसा, शेण आठ दिवस मुरवायची, पायानं तुडवायची, आणि मध्ये कुणी नाक खुपसलं की घमेलं तिथंच टाकून चालती व्हायची.

गल्लीतलं पहिलं घर रूपराव गुरुजींचं. शाळेतून निवृत्त झाले आणि शहात्तर सालापासून त्यांना एकच नाद लागला, रविवारी लोकांना ही घरं दाखवत हिंडायचं. कॉलेजची पोरं यायची, नागपूरची मंडळी यायची. गुरुजी कोरीव खांब दाखवायचे, माळे दाखवायचे, धान्याची पेवं दाखवायचे. बायजाचं नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. तिला ते फार लागायचं.

एकोणऐंशीत पुण्याचे पाहुणे येणार म्हणून गुरुजींना काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी घराला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला.

"गुरुजी, नका करू," बायजा म्हणाली. "मातीची भित हाये. तिच्यातल्या पान्याले बाहेर निंगाले जागा लागते."

"जमाना कुठच्या कुठं गेला! तू मले शिकवून राह्यली काय?"

बायजाच्या नाकाला मिरची झोंबली. "मंग आता मले बोलावू नका," म्हणून ती जी गेली, ती दोन वर्षं गुरुजींच्या दाराकडे फिरकली नाही.

पाहुणे आले, छान छान म्हणून गेले. दोन पावसाळे झाले आणि भिंतीनं पोट काढलं. जमिनीतली ओल वर चढायची आणि सिमेंटमुळे आतच कोंडायची. दिवाळीनंतर नगरपालिकेचे इंजिनिअर साहेब तपासणीला आले. त्यांनी वरून ओळंबा सोडला, तर भिंतीच्या पोटानं दोरी चार बोटं बाहेर ढकललेली. "संक्रांतीपर्यंत सरळ करा," ते म्हणाले, "नाहीतर घर पाडावं लागेल." आता एक घर पाडलं की शेजारचं उघडं, मग त्याच्या शेजारचं. सातही जाणार, हे गल्लीतल्या पोराटोरांनाही कळलं.

त्याच संध्याकाळी गुरुजी टोपी हातात घेऊन बायजाच्या दारात उभे. "बायजा, माझी चुकी झाली. घर वाचव."

"तुमचं एकट्याचं असतं तं नसती आली," ती म्हणाली. पण डोळे भरून आले होते बाईचे! तिच्या हातची सात घरं होती ती. "येतो मी. पन तिथं माझंच चालन. तुमचं नाई."

भिंतीला लाकडी बल्ल्यांचे टेके देऊन तिनं छिन्नीनं सिमेंट सोललं. आत नुसता चिखल. तो खरवडून काढला आणि दारं-खिडक्या उघड्या टाकून भिंत वाळू दिली.

"कवा लागशील कामाले?" गुरुजी रोज विचारायचे.

"भित सांगन तवा!"

मग मुरलेल्या मातीचे गोळे एकावर एक बसू लागले. दिवसाला एक हात उंची, त्याहून बोटभरही जास्त नाही. गल्लीतल्या बाया माती तुडवायला उतरल्या, आणि धोतर खोचून गुरुजीही उतरले. पाय चुकला की बायजा सगळ्यांदेखत त्यांना झापायची, आणि ते मुकाट्यानं ऐकून घ्यायचे.

संक्रांतीला साहेब आले. सगळी गल्ली भिंतीपुढं जमली. ओळंबा सुटला. दोरी वरपासून खालपर्यंत भिंतीला सारखी लागून राहिली. साहेबांनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. "सरळ आहे," ते म्हणाले, आणि काय तो गलका झाला म्हणता!

गुरुजी ओट्यावर चढून ओरडले, "मी घरं नुसती दाखवली रे! उभी ठेवली ते या बायजाबाईनं. रविवारी आता तीच दाखवन!"

सही करूनही साहेब जाईनात. मग बायजाजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, तळेगावात माझ्या वडिलांचं घर आहे. मातीचंच. मागच्या वर्षी मीच त्याला सिमेंट मारलं."

बायजानं त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. हसू आवरेना, पदर तोंडाला लावावा लागला.

"सोमवारी गाडी पाठवजा," ती म्हणाली. "रविवारी मले सवड नाई."