कोणी आवाज ऐकला का?

"मॅडम, फॅक्टरीत ब्लास्ट झाला का जी?"

सकाळी टेबल हललं आणि लगेच जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचे फोन सुरू झाले. पहिला जवाहरनगरच्या क्वार्टर्समधून. तिथे दारूगोळ्याची फॅक्टरी आहे. खिडकीचं तावदान वाजलं तरी घरचे आधी फोनकडे धावतात.

फोन घेत होती आमची ऑपरेटर सुनीता. तिचा नवरा त्याच फॅक्टरीत पहिल्या शिफ्टला होता. आत मोबाइल चालत नाही, गेटवरच जमा करतात. गेटचा फोन एंगेज. "घाबरू नका जी" असं ती सगळ्यांना सांगत होती आणि मधूनमधून गेटचा नंबर फिरवत होती.

मी भूगर्भशास्त्राची. एरवी विहिरींचं पाणी मोजते. माझं ऑफिस शेजारीच; भूकंपाचं नाव निघालं की मला इथे आणून बसवतात.

"सर, भूकंपच वाटतो," मी कंट्रोल रूमच्या साहेबांना म्हटलं.

"वाटतो म्हणून चालत नाही, मॅडम. भूकंपमापन केंद्राचा मेसेज येऊ द्या. उद्या ब्लास्ट निघाला तर?"

साहेबांचंही चूक नव्हतं. तेवढ्यात दिघोरीहून एका आजोबांचा फोन. "बाई, पितळी गुंडातलं प्यायचं पानी हालून राहिलं. बाहेर निघू का?"

"निघा, मोकळ्यात थांबा."

मागोमाग आंबागडहून कोणी सांगितलं, कौलं खडखडली. दिघोरी जिल्ह्याच्या दक्षिणेला, आंबागड उत्तरेला.

"सुनीता, कोणी आवाज ऐकला का?"

"नाई मॅडम. सगळे हाललं म्हून राहिले. आवाज कोनीच नाई म्हटला."

स्फोट कानालाही कळतो, आणि जवळच्यांनाच जोरात बसतो. भूकंपाचं वेगळं. जमिनीखाली खोल खडक एकमेकांना रेटत असतात. ताण असह्य झाला की जुनी भेग सरकते आणि हादरा दूरदूर पसरतो.

"भूकंपच आहे. सांग लोकांना."

"जबाबदारी तुमची," साहेब म्हणाले.

हो म्हटलं खरं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. भूकंप असला म्हणून त्या हादऱ्याने फॅक्टरीत काही पडलं नसेल कशावरून? हे मी सुनीताला बोलून दाखवलं नाही. तिलाही ते सुचलं असणार.

मेसेज आला. भूकंपच, केंद्रबिंदू लांब दक्षिणेला, शेजारच्या राज्यात. तरी सुनीता गेटचाच नंबर फिरवत राहिली. शेवटी लागला. कामगारांना बाहेर काढलं होतं. नवराच फोनवर आला, इतका मोठ्याने बोलत होता की आम्हालाही ऐकू येत होतं.

"काहून फोन करून राहिली? आमाले त मशीनच्या आवाजात काईच समजलं नाई!"

तिने फोन ठेवला, टेबलावर डोकं टेकलं आणि हमसून रडली. मग डोळे पुसून पुढचा फोन घेतला.

"भूकंप झाला जी, भूकंप! काईच काळजी नाई!"

भूकंप झाला असताना 'काळजी नाही' म्हणू नये, हे कंट्रोल रूमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. साहेबांनी ऐकलं, आणि तिच्यासाठी चहा मागवला.