पोलादावरचा आळ

पडदा वर जातो तेव्हा समोर दिसतं एक जेवणाचं टेबल. त्यावर जुनं वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर शिकंज्यात आवळलेलं पितळी कुलूप आणि त्याच्यावर ओणवा, जीभ दातांत धरलेला एक म्हातारा. हे आमचे दोरीमामा. छत्तीस वर्षं त्यांनी नाटकमंडळीत पडदा ओढला. प्रेक्षकांनी त्यांचं तोंड कधी पाहिलं नाही, पण मेलेल्या नायकाला किती वेळ मेलेलं ठेवायचं हे त्यांच्याच मनगटावर असे.

निवृत्त झाल्यावर त्या मनगटाला काम उरलं नाही. मग छंद लागला, किल्लीशिवाय कुलूप उघडायचा. कुलपं स्वतःची, बाजारातून विकत आणलेली. डाव्या हातातल्या वाकड्या पट्टीनं कुलपाला किल्लीसारखा पीळ द्यायचा आणि उजव्या हातातल्या बारीक हुकानं आतल्या पिना एकेक करून उचलायच्या. पीळ द्यायचा तो अगदी नावापुरता, झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं इतका. जास्त दिला की पिना जागच्या जागी आवळतात, बोटांना काही कळत नाही, आणि कळत नाही म्हणून माणूस आणखी जोर लावतो. मामा नेमकं तेच करत. त्यांच्या हाताला हळू हा शब्द माहीतच नव्हता.

हूक करून द्यायचे त्यांचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. पेशानं घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. जुन्या स्प्रिंगची पट्टी घासायची, तापवायची आणि रंग पिवळसर झाला की नेमक्या क्षणी पाण्यात विझवायची, म्हणजे पोलादाला बेताचं पाणी बसतं. पाऊणशे वयाला, डोळे मंदावलेले असताना, एकेका हुकाला त्यांचा एकेक दिवस जाई. सहा हूक मामांनी मोडले. सहाव्याला ताई म्हणाली होती, की याला हूक नको, घण द्या, दाराच्या चौकटीसकट उघडेल. मामांनी कानाला हात लावून यापुढे जपून करीन असं कबूल केलं होतं.

आणि सातवा मोडला.

भाऊजींनी कसा मोडला ते विचारलं तेव्हा ताई दारातच उभी होती, ओठांवर हसू तयार ठेवून. मामांच्या तोंडून निघून गेलं, "पोलादच ठिसूळ निघालं, भाऊजी. पाणी जास्त बसलं असेल." तुकडा दाखवा म्हटल्यावर, तो फेकून दिला म्हणाले. ताईचं हसू मावळलं. त्या क्षणी मामांना सुटल्यासारखं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आठवड्यानं ते गेले तर दुकानाचं टेबल रिकामं. डोळ्याला लावायचं भिंग फडक्यात गुंडाळलेलं. भाऊजी लोकांची घड्याळं नावानिशी पाकिटांत भरत होते, दुरुस्त न करता परत द्यायला. ताईनं मामांना स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, की तापलेल्या पोलादाचा रंग आपल्याला आता ओळखता येत नाही, असं हे म्हणतात. हूक मोडला तसं उद्या कुणाच्या घड्याळाचं वाटोळं होईल. चार दिवस धड जेवलेले नाहीत.

मामा चहा अर्धा टाकून उठले. भाऊजींचं वय झालंच आहे, आज ना उद्या थांबायचेच होते, अशी मनाची समजूत घालत ते घरी निघाले. ती समजूत कोपऱ्यापर्यंतही टिकली नाही. हूक फेकलेला नव्हताच. कपाटात, सुयांच्या डबीत होता. ठिसूळ पोलाद काचेसारखं सरळ तुटतं. हा हूक आधी चांगला बोटभर वाकला होता आणि मग तुटला होता. मामांनी ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, म्हणूनच डबीत दडवला होता.

घरी जाऊन त्यांनी डबी उघडली, तसेच परत गेले आणि तो तुकडा भाऊजींच्या तळहातावर ठेवला. भाऊजींनी डोळ्यांना त्रास दिला नाही. अंगठा फिरवला. वाकल्या जागी तो थांबला, पुन्हा फिरला.

"वाकलाय," ते म्हणाले. "मेव्हणे, हा वाकून तुटलाय."

"पोलाद चांगलं होतं. जोर माझा. मी खोटं बोललो."

भाऊजींनी बराच वेळ तुकडा मुठीत धरून ठेवला. रागावले असते तर मामांना बरं वाटलं असतं. पण ते रागावले नाहीत. फडकं सोडून भिंग पुसायला लागले आणि आतल्या दाराकडे बघत आवाज खाली आणून म्हणाले, "हे आपल्यातच राहू दे. तुमच्या ताईला कळलं तर जन्मभर टोमणे ऐकाल. मी सांगेन, माझाच हिशेब चुकला होता."

मामांनी मान हलवली.

"नको. ताईला बाहेर बोलवा, भाऊजी. खोटं मी तिच्यादेखत बोललो होतो."