कडुनिंबाला टेकलेला माणूस

वणीच्या रस्त्यावर मी जिथे शाळेची बस धरते, तिथे एक जुना कडुनिंब आहे. रोज सकाळी कोळशाने भरलेला एक ट्रक त्याच्याखाली थांबायचा. पन्नाशीचा ड्रायव्हर उतरायचा, चप्पल काढायचा, दोन्ही हातांचे तळवे बुंध्याला लावून डोळे मिटायचा. एक पाय पुढे वाकवलेला, दुसरा मागे सरळ, टाच मातीत घट्ट रोवलेली. मग पाय बदलून पुन्हा तसंच. झाडाशी याचं एवढं काय बोलणं चालतं, या विचाराने मला चैन पडेना.

"मोठ्या भक्तीचा मानूस आहे थो," बसथांब्यावरची म्हातारी म्हणाली. एके दिवशी तिने त्याच्या तळव्यांच्या जागी कुंकू लावलं.

शेवटी मी त्यालाच विचारलं, "भाऊ, काही नवस आहे का?"

तो हसला. "नवस कायचा, ताई? पोटरी ताणून राह्यलो. गाडी चालवू चालवू लाकडावानी होते. भरल्या गाडीनं समोरच्या उतारावर पायात गोळा आला, तं ब्रेक कोन दाबन?"

बोलता बोलता त्याने तळवे वीतभर खाली सरकवले, कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून.

त्या उताराच्या पायथ्याशीच माझी शाळा आहे, अगदी रस्त्याला लागून.

म्हातारीला खरं काय ते सांगायचं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती कुंकवाची डबी घेऊन आली, तेव्हा मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि हात जोडले.