पहिल्या टाकीचा जाणकार

वाइनमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे मी वेळेवर सांगितलं नाही. परवा इंदिरानगरच्या एका हॉटेलात सिरक्यातल्या कांद्याचा वास आला आणि तो सगळा प्रसंग पुन्हा नाकात शिरला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. सिन्नरकडे दशरथअण्णा नावाच्या बागायतदारांनी आपल्या द्राक्षबागेच्या कडेला छोटीशी वायनरी काढली होती. एका ओळखीच्या माणसाबरोबर मी ती बघायला गेलो, तर अण्णांनी चव घ्यायला ग्लास पुढे केला. मी तो गोल फिरवून नाकाशी नेला, कारण तसं करतात असं कुठंतरी पाहिलं होतं. तेवढ्यावर अण्णांनी मला जाणकार ठरवलं. पत्र्याच्या खोलीला एकच दार, आणि दारात अण्णा उभे.

"साहेब, पहिलीच टाकी हाय. खरं सांगा, बाटल्या भरू का नको?"

घोट घेतला आणि दात शिवशिवले, डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून अण्णा खूश. त्यांनी पुन्हा ओतली. मी "सुगंध खोल आहे" म्हणालो, तर तिसरा ग्लास आला. तेव्हा मला फक्त त्यांच्यामागचं दार दिसत होतं. ग्लास भरून माझ्या तोंडाकडे बघणारे अण्णा मला आज दिसतात. वर्षभराची मेहनत माझ्या जिभेवर ठेवून तो माणूस उभा होता.

शेवटी सुटका व्हावी म्हणून मी म्हणालो, "अजून थोडी मुरू द्या."

चहा घेऊन आलेल्या वहिनींनी माझा ग्लास हुंगला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"अवो, आंबून सिरका झालाय हिचा, ओतून द्या. आन पाव्हण्यांना काय इचारता? त्यांना लोणच्यातलं कळतं."